तगाद्याचे दिवस

दिवाळीत व्यापारी लोक नव्या वह्यांची पूजा करतात. लाल बांधणीच्या वहीवर कुंकवाचे स्वस्तिक उमटते, पहिल्या पानावर 'श्री' लिहितात, शेजारी विड्याचे पान, सुपारी आणि रुपया ठेवतात. हा सोहळा सर्वांनी पाहिलेला असतो. त्याच्या आधीच्या पंधरवड्याविषयी मात्र फारसे कोणी लिहीत नाही. नवी वही घालायची तर जुनी बाकी उगवली पाहिजे आणि बाकी उगवायची तर कोणाच्या तरी दारी जाऊन उभे राहिले पाहिजे. तिकडे खेड्यात याच सुमारास बाजरी खळ्यावर आलेली असते आणि धान्याची रास घरी जाण्यापूर्वी सावकाराचा माणूस खळ्याशी येऊन बसलेला असतो. फराळाच्या ताटाशी बसून तगाद्याच्या गोष्टी काढणे काहींना अशुभ वाटेल. पण आपल्या पूर्वजांनी दिवाळ्या साजऱ्या केल्या त्या बहुधा अशाच, एक डोळा पणतीकडे आणि एक डोळा दाराकडे ठेवून. तेव्हा वाचकहो, थोडा वेळ त्या दाराकडेही पाहू.

'तगादा' हा शब्द मूळचा अरबी. फारसीच्या वाटेने आला आणि 'तकाजा'चा 'तगादा' होऊन आपल्या घरात रुळला. 'धरणे' मात्र अस्सल आपले. आज धरणे म्हटले की कचेरीपुढे बसलेला मोर्चा डोळ्यांपुढे येतो. पण मुळात हे धनकोचे हत्यार होते.

१८१८ साली पेशवाई बुडाली आणि जिंकलेल्या मुलखाची व्यवस्था माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याच्याकडे आली. त्याने १८१९ साली या मुलखाविषयी जो अहवाल पाठविला, त्यात जुन्या राज्यातील न्यायाची पद्धत सांगताना तगाद्याचे सविस्तर वर्णन केले आहे. त्याला या प्रकाराचे मोठे नवल वाटलेले दिसते. ऋणको बरोबरीचा किंवा खालच्या पायरीचा असला, तर धनको त्याला सरळ अडकवून ठेवी. घराबाहेर पडू द्यायचे नाही, जेवू द्यायचे नाही, उन्हात बसवायचे, प्रसंगी डोक्यावर जड धोंडा देऊन एका पायावर उभे करायचे. हे सारे सरकारी शिपायाविना, खाजगीत चाले आणि लोकांना त्यात काही गैर वाटत नसे. जुन्या काळच्या थोरवीच्या गोष्टी सांगताना हा धोंडा आपण सोयीस्करपणे विसरतो, म्हणून तो आधीच सांगून टाकलेला बरा.

परंतु ऋणको जर वरचढ असला, सरदार वा मुत्सद्दी असला, तर नाटकाचा रंग पालटे. मग धनको प्रथम विनवण्या करी, अब्रूची आठवण देई; तेवढ्याने भागले नाही तर उंबऱ्यावर आडवा पडे, रस्त्यात वाट अडवी, दाराशी आरडाओरडा करी किंवा हे काम करणारी माणसे भाड्याने आणी. शेवटचा उपाय धरण्याचा. धनको अन्नपाणी सोडून दाराशी बसे, आणि तो उपाशी आहे तोवर आतल्या धन्यालाही जेवता येत नसे. अशा माणसाला हाकलून लावणे कमीपणाचे समजत, मात्र त्याची मागणी वाजवी हवी. एल्फिन्स्टन म्हणतो की या मार्गाने काही ना काही निकाल बहुधा लागत असे.

ही चाल केवळ आपल्याकडची नव्हे. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलो दक्षिणेच्या पूर्व किनाऱ्यावर उतरला होता, तेव्हा त्याने एक प्रसंग पाहिला. तिथे धनकोने ऋणकोभोवती जमिनीवर वर्तुळ आखले की देणे चुकवल्याशिवाय किंवा जामीन दिल्याशिवाय ऋणकोने त्याबाहेर पाऊल टाकायचे नाही, असा दंडक होता. एका परदेशी व्यापाऱ्याचे पैसे खुद्द राजाकडे अडकले होते आणि राजा वायदे करीत होता. एके दिवशी राजा घोड्यावरून चालला असता व्यापाऱ्याने संधी साधली आणि घोड्यासकट राजाभोवती रेघ ओढली. राजा थांबला, आणि व्यापाऱ्याचे समाधान होईपर्यंत जागचा हलला नाही. मला त्या व्यापाऱ्याच्या धाडसाचे कौतुक वाटते, पण त्याहून अधिक त्या राजाचे. त्याच्यापाशी शिपाई होते, भाले होते, आणि रेघ तर नुसती मातीत ओढलेली होती.

आता आपल्या घरच्या ऋणकोकडे वळू, आणि तेही लहानसहान नव्हे. १७३७ साली ज्याचे घोडे दिल्लीच्या वेशीपर्यंत जाऊन भिडले, तो पहिला बाजीराव कर्जात गळ्यापर्यंत बुडालेला होता. स्वारीला निघायचे तर शिलेदारांना आगाऊ रक्कम हवी. मुलूख जिंकला तरी त्याचा वसूल हाती येण्यास काळ लागे, आणि फौज तर महिन्याच्या महिन्याला खाई. मधली पोकळी सावकार भरून काढीत. धावडशीचे ब्रह्मेंद्रस्वामी हे बाजीरावाचे गुरू आणि त्याचे धनकोही! अध्यात्म आणि व्याज यांची अशी सांगड इतिहासात विरळाच. पारसनिसांनी स्वामींचे चरित्र व पत्रव्यवहार छापून प्रसिद्ध केला, तेव्हा बाजीरावाची ही बाजू सर्वांसमोर आली. आपण देणेकऱ्यांच्या नरकात पडलो आहोत, सावकारांच्या आणि शिलेदारांच्या पाया पडता पडता कपाळाची कातडी झिजून गेली, अशा आशयाचे त्याने स्वामींना लिहिले आहे. ते वाचून प्रथम मन चरकते. दुसऱ्यांदा वाचताना मात्र ध्यानात येते की हे नुसते रडगाणे नव्हे. पत्र जात आहे तेही एका धनकोलाच. आपली अवस्था त्याच्यापुढे उघडी करून बाजीराव मुदत मागतो आहे आणि जमल्यास आणखी थोडे कर्जही. तोंड लपवून बसणे त्याच्या स्वभावात नव्हते, रणात नाही आणि देण्यातही नाही.

२८ एप्रिल १७४० रोजी नर्मदाकाठी रावेरखेडीला बाजीराव वारला. वारसा म्हणून नानासाहेबाकडे पराक्रमाची कीर्ती आली, तसे हे कर्जही आले. धनकोंमध्ये बारामतीचे बाबूजी नाईक जोशी हे बडे नाव. यांचे भाऊ आबाजी नाईक हे बाजीरावाचे मेहुणे, म्हणजे सोयरीकही होती. बाबूजी नाईकांना स्वतःलाच पेशवेपद हवे होते आणि रघूजी भोसल्यांचा त्यांना पाठिंबा होता. शाहू महाराजांनी वस्त्रे नानासाहेबाला दिली. पद हुकले तशी नाईकांनी कर्जाची मागणी लावून धरली. ग्रँट डफने आपल्या इतिहासात या तगाद्याची मुद्दाम नोंद केली आहे. नव्या पेशव्याला सळो की पळो करून सोडण्यासाठी तगाद्याचे जेवढे त्रासदायक प्रकार होते, ते नाईकांनी योजले. नानासाहेब त्या वेळी एकोणीस वर्षांचा. बाप जाऊन फार दिवस झालेले नाहीत आणि दाराशी आप्तच धनको होऊन उभा!

येथे महादोबा पुरंदरे पुढे झाले. त्यांनी आपली पत खर्ची घालून ते देणे भागविण्याची व्यवस्था केली आणि पेशव्याला मोकळे केले. नानासाहेबाने हा उपकार विसरला नाही, असे डफ सांगतो. मला या प्रसंगात विशेष वाटते ते असे. नाईकांना नुसते पैसे हवे असते तर पेशव्याशी मुदतीचे, हप्त्यांचे बोलणे होऊ शकले असते. पण त्यांचा रोख पैशांवर नव्हता, गादीवर होता. अशा धनकोशी ऋणकोने स्वतः कितीही बोलणी केली तरी तड लागत नाही. तिथे तिसरा माणूस मध्ये यावा लागतो, ज्याच्या शब्दाला बाजारात किंमत आहे असा. पुरंदऱ्यांचा शब्द तसा होता.

सरदार-पेशव्यांच्या गोष्टी आपल्याला कळतात, कारण त्यांची पत्रे उरली. सामान्य कुणब्याने सावकाराशी काय बोलणी केली ती कोणी लिहून ठेवायची? तरी भाषेने बरेच सांभाळून ठेवले आहे. मुदत, वायदा, हप्ता, किस्तबंदी, जामीन, हवाला, सूट, दामदुपट हे सारे शब्द बोलण्यातले आहेत, उंबऱ्यावर बसून घासाघीस करताना वापरायचे. दारी आलेल्याला रिकाम्या हाताने लावायचे नसे. दोन पायली का होईना धान्य मापून द्यायचे, ते खताच्या पाठीवर मांडून घ्यायचे, उरलेल्याची सुगीवर मुदत घ्यायची, आणि फारच ताणले तर पाटलाला व चार शहाण्या माणसांना मध्ये घालायचे. कुणब्याच्या बाजूने सर्वांत भक्कम शब्द दामदुपट. मुद्दल शंभर असेल तर व्याज एका वेळी शंभराहून अधिक मागता येणार नाही, हा धर्मशास्त्राचा नियम. काळ कितीही लोटो, दुपटीला कुंपण. हा नियम निरक्षर माणसालाही तोंडपाठ असे आणि तो आवाज चढवून सांगता येई.

गावच्या सावकाराचेही हात बांधलेले होते. त्याला त्याच गावात राहायचे होते, त्याच विहिरीचे पाणी भरायचे होते. कुणब्याची जमीन विकत घेणाराच कोणी नव्हता, तेव्हा ती लिलावात काढून उपयोग काय? कुणबी जगला, पेरता राहिला, तरच व्याज येणार. सावकार दयाळू होता असे मी म्हणत नाही; धोंडा आपण मघाच पाहिला. परंतु त्याला बोलणे भाग होते.

ही बोलणी मोडली ती कंपनी सरकारच्या आणि नंतर राणी सरकारच्या अमलात. उन्हात उभे करणे बंद झाले. धरणे धरून देवाच्या कोपाची भीती घालणे १८६० च्या दंडसंहितेने गुन्हा ठरविले. यात वाईट काही नव्हते. पण तगाद्याची जागा दिवाणी कोर्टाने घेतली. १८५५ साली व्याजाच्या दरावरील कायद्याची मर्यादा उठली. मग १८५९ साली मुदतीचा कायदा आला. साध्या खताची फिर्याद तीन वर्षांच्या आत केली पाहिजे, असे त्यात ठरले. जुनी मढी उकरून काढून गरिबाला छळू नये, हा त्यामागचा हेतू. घडले उलटेच. तीन वर्षे भरत आली की सावकार म्हणे, नवे खत लिहून दे, नाही तर फिर्याद ठोकतो. नव्या खतात जुने व्याज मुद्दल होऊन बसे. दरमहा शेकडा दोनचा हिशेब करून पाहा. शंभराचे तीन वर्षांनी १७२, सहा वर्षांनी सुमारे २९६, नऊ वर्षांनी ५०९ आणि बारा वर्षांनी ८७५! दामदुपटीने दोनशेला थोपविले असते, पण प्रत्येक खतावर मुद्दल नवे, त्यामुळे दामदुपटीचे कुंपण दर तीन वर्षांनी पुढे सरकत गेले. एवढे करून सावकार कायद्याच्या बाहेर गेलाच नाही.

समन्स येई ते न वाचता येणाऱ्या कागदावर. तालुक्याच्या गावी जायचे म्हणजे पेरणीचे दिवस बुडवायचे, वकिलाला पैसे द्यायचे. कुणबी जात नसे, आणि त्याच्या गैरहजेरीत एकतर्फी हुकूमनामा होई. खताच्या पाठीवर न मांडलेला भरणा कोर्टाच्या लेखी झालेलाच नसे. उंबऱ्यावर जो माणूस तासभर हुज्जत घालू शकत होता, त्याला कोर्टात एक शब्द बोलता येईना.

मध्यंतरी अमेरिकेत यादवी पेटली. १८६१ ते १८६५ या काळात तिकडचा कापूस बंद पडला, इकडे भाव कडाडले आणि सावकारांनी सढळ हाताने कर्जे दिली. युद्ध संपले, भाव कोसळले. त्यातच सरकारने काही तालुक्यांत सारा वाढविला. १८७४ च्या अखेरीस शिरूर तालुक्यातील करडे गावी एका सावकाराने हुकूमनाम्याच्या बळावर तिथल्या देशमुखांचे घर घेतले आणि पाडावयास काढले. घराण्याचे घर गावाच्या डोळ्यांदेखत उतरू लागले, तेव्हा गावाने सावकारांशी व्यवहार तोडला. त्यांची शेते कोणी कसेना, न्हावी हजामत करीना, पाणक्या पाणी भरीना.

पुढचे वर्ष उजाडले आणि १२ मे १८७५ रोजी सुप्याला, भर बाजारच्या दिवशी, लोक सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर चालून गेले. हे सुपे बारामतीजवळचे, म्हणजे बाबूजी नाईकांच्या मुलखातले, हा योगायोग मनोरंजक आहे. लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरले. लोकांना काय हवे होते? खते आणि हुकूमनामे. सरकारने नेमलेल्या आयोगानेच नमूद केले आहे की सावकाराने मुकाट्याने कागद काढून दिले तिथे बहुधा पुढे काही झाले नाही. लूट, मारहाण, गंजींना आगी हे प्रकार झाले, नाही असे नाही. पण मुख्य राग कागदावर. चौकात कागदांची होळी झाली. ९५१ जण पकडले गेले, त्यांपैकी ५०१ जणांना शिक्षा झाल्या. आणि जे हुकूमनामे जळाले, त्यांचे मूळ दप्तर तर कचेरीत सुखरूप होतेच.

परंपरा सांगते की तुकोबांनी घरची कर्जखते इंद्रायणीत सोडली, तेव्हा धाकट्या भावाच्या, कान्होबाच्या, वाटणीची निम्मी बाजूला काढून दिली आणि आपल्या वाट्याची तेवढी बुडविली. दुसऱ्याच्या येण्याचा निकाल आपण लावायचा नाही, एवढा बारकावा त्या विरक्त वाण्याला होता. सुप्याच्या चौकात असा बारकावा सांभाळायला कोणाला उसंत नव्हती. धनकोनेच खत बुडवावे ही गोष्ट निराळी आणि ऋणकोने जाळावे ही निराळी. तरी आयोगाने पाहणी करून जे आकडे दिले ते वाचले म्हणजे त्या रागाचे माप कळते. सुमारे एक तृतीयांश खातेदार कर्जात अडकलेले, त्यांचे कर्ज सरासरीने साऱ्याच्या अठरा पट, आणि त्यातले जवळजवळ दोन तृतीयांश जमिनीच्या गहाणावर.

याच सुमारास पुण्यात सार्वजनिक सभेचे गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका, यांनी लवाद कोर्टाची कल्पना उचलून धरली. वादी-प्रतिवादींनी वकिलाविना, स्टँपाविना समोरासमोर बसावे आणि लवादाने तोड काढावी. सरकारने मध्ये एक भयंकर दुष्काळ जाऊ दिला आणि मग १८७९ साली दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या रक्षणाचा कायदा केला. पुणे, नगर, सोलापूर आणि सातारा या चार जिल्ह्यांना तो लागू झाला. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणे बंद झाले. खतावरचा आकडा काहीही असो, न्यायाधीशाने व्यवहार मुळापासून उकलून पाहावा, मुद्दल वेगळे आणि व्याज वेगळे मांडावे, हप्ते बांधून द्यावेत, असे ठरले. प्रत्येक भरण्याची पावती सावकाराने दिलीच पाहिजे. आणि फिर्याद लावण्यापूर्वी सलोखा करून देणाऱ्या गृहस्थापुढे दोघांना बोलणी करण्याची संधी द्यायची. बोलणी फिसकटल्याचा दाखला हाती असल्याविना कोर्टाची पायरी चढायची नाही.

म्हणजे बघा, साठ वर्षांत सरकार फिरून उंबऱ्यापाशी आले. आज तगादा दूरध्वनीवरून येतो. बोलणारा कोण, कुठे बसला आहे, जेवला आहे की नाही, हे कळत नाही. २०२२ साली रिझर्व्ह बँकेला सांगावे लागले की वसुली करणाऱ्यांनी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर ऋणकोला फोन करू नये. धरणेकऱ्याला असे घड्याळ लागत नसे. त्याची स्वतःची भूकच त्याला वेळ सांगे.

आमच्या घरच्या जुन्या दप्तरात पणजोबांच्या वेळचे एक खत आहे. रक्कम मोठी नाही. पाठीवर भरणा मांडला आहे: कधी पाच रुपये, कधी तीन, एका सालात नुसतीच जोंधळ्याची मापे, आणि एक साल कोरे. कोऱ्या सालानंतर सावकाराने नवे खत का मागितले नाही, हे कागद सांगत नाही. वडीलधाऱ्यांकडून एवढेच ऐकले की त्या साली पणजोबा आपण होऊन त्याच्या पेढीवर गेले होते आणि दिवेलागणीपर्यंत बसून होते. भरण्याखाली वेगळ्या शाईत सावकाराच्या हातची ओळ आहे, बाकी सूट दिली म्हणून. खत मधोमध फाडलेले आहे. फेडलेले खत फाडून ऋणकोच्या हाती द्यायचे, अशी तेव्हाची रीत होती.